मामू, नंतर म्हणजे कधी?

ईद होऊन आठवडा झाला होता. भाचीची दहावीची परीक्षा आटोपली होती आणि जूनमध्ये ती अकरावीसाठी लातूरला जाणार, हे घरात ठरून गेलं होतं. लातूरला जाणं म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या आईबापांना वेगळं सांगायला नको. दोन वर्षं क्लास, हॉस्टेल, दर आठवड्याची टेस्ट, आणि मोबाइल वॉर्डनच्या कपाटात. आपा मला म्हणाली, "तोवर पोरीला जरा हसू-खेळू दे. तुझा तो फाशांचा खेळ आहे ना, त्यात घे तिला."

मी कोंढव्यात राहतो. आपाचं घर त्याच इमारतीत दोन मजले वर. पोटापाण्यासाठी मी एका कंपनीत हिशेब लिहितो, आणि गेली काही वर्षं शनिवारी रात्री इशाची नमाज आणि जेवण उरकल्यावर चार माणसं जमवून डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. बहुतेक वाचकांना हा खेळ माहीत नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी हा खेळ छापून बाजारात आणला. त्यात कॅरमसारखा बोर्ड लागत नाही, पत्ते लागत नाहीत. एक जण सूत्रधार होतो, त्याला डन्जन मास्टर म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. सूत्रधार सांगतो, "तुम्ही बैलगाडी घेऊन जंगलातून चालला आहात. वाटेत दोन घोडे मरून पडलेत. काय करता?" खेळणारे आपापल्या पात्राच्या वतीने उत्तर देतात. जिथे यश-अपयशाचा प्रश्न येतो तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. प्रत्येक पात्राचा एक पेशा असतो, त्याला क्लास म्हणतात. तलवार चालवतो तो फायटर, देवाच्या नावाने जखमा बऱ्या करतो तो क्लेरिक, पुस्तकातून मंत्र शिकतो तो विझार्ड. सगळे पहिल्या लेव्हलपासून सुरू करतात आणि अनुभवाचे गुण साठवत वर चढतात.

पहिल्यांदा हे फासे घरी आणले तेव्हा अम्मीने ते उचलून बारकाईने पाहिले होते. "हे कसले फासे? जुगार तर नाही ना?" मी सांगितलं, पैसा नाही, पैज नाही, कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. अम्मी म्हणाली, "मग खेळता कशाला?" याचं नीट उत्तर मला आजही देता येत नाही. पण त्या उन्हाळ्यात भाचीने विचारलेल्या एका प्रश्नामुळे मी त्याच्या थोडा जवळ गेलो.

त्या शनिवारी चौघे जमले. भाचा, म्हणजे भाचीचा धाकटा भाऊ, वय बारा. त्याने अर्थातच फायटर घेतला. ऑफिसातला माझा एक मित्र क्लेरिक झाला. शेजारच्या मुलाने घेतला रोग. हा इंग्रजी शब्द आहे, कुलुपं उघडणारा, अंधारात लपणारा भामटा. अम्मीला वाटलं पोरगा आजारी आहे. भाचीने विझार्ड घेतली. आठवडाभर आधी तिने माझ्याकडून नियमांचं पुस्तक नेलं होतं आणि सहा मंत्र निवडून वहीच्या मागच्या पानावर सुवाच्य अक्षरात उतरवले होते. पात्राचं चित्रही काढलं होतं.

मी जी साहसकथा चालवत होतो ती नवशिक्यांसाठीच छापलेली आहे, 'लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर', २०१४ सालची. तिची सुरुवातच त्या दोन मेलेल्या घोड्यांनी होते. झाडीत चार गॉब्लिन दबा धरून बसलेले असतात. गॉब्लिन म्हणजे बुटके, चोरटे राक्षस. कोणालाच ते दिसले नाहीत. पहिला बाण मी विझार्डवर सोडला, कारण तिच्या अंगावर चिलखत नव्हतं आणि शहाणा गॉब्लिन तेच करेल, असं मला वाटलं. बाणाने ५ हिट पॉइंट गेले. दुसरा बाणही तिलाच, ६. तिच्याकडे होते ८. ती कोसळली. तिची पाळी अजून आलीच नव्हती.

नियम असा की पात्र कोसळलं की दर पाळीला वीसचा फासा टाकायचा. १० किंवा वर आलं तर एक खूण जगण्याच्या बाजूला, खाली आलं तर एक मरणाच्या बाजूला. तीन मरणाच्या झाल्या की संपलं. भाचीने तीनदा फासा टाकला. एक जगण्याची, दोन मरणाच्या. मग क्लेरिक धावत तिच्यापर्यंत पोचला आणि तिला उठवलं. तेवढ्यात भाच्याने शेवटचा गॉब्लिन कापला होता. चाळीसेक मिनिटं गेली होती. या चाळीस मिनिटांत तिने तीन फासे टाकले आणि एकही मंत्र म्हटला नाही. वहीचं मागचं पान उघडंच होतं.

मी तिला समजावलं. विझार्डचं असंच असतं, सुरुवातीला नाजूक. पण पाचव्या लेव्हलला फायरबॉल मिळतो. वीस फूट त्रिज्येचा आगीचा गोळा, सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी २८ चा मार. असे चार गॉब्लिन एका दमात राख होतील. तुझा भाऊ तेव्हाही एकेकालाच मारत बसेल. थोडा धीर धर, नंतर बघ.

ती म्हणाली, "मामू, नंतर म्हणजे कधी?"

मी हिशेबाचा माणूस. लॅपटॉप उघडला. पाचव्या लेव्हलसाठी प्रत्येकाला ६,५०० गुण लागतात. एका गॉब्लिनचे ५०, चारांचे २००, चौघांत वाटले तर प्रत्येकी ५०. म्हणजे अशा १३० लढाया. पुढचे शत्रू जास्त गुण देतात हे खरं, पण आमच्या हातात शनिवार उरले होते आठ. कितीही घाई केली तरी तिसरी लेव्हल, फार तर चौथी.

"म्हणजे मी लातूरला जाईपर्यंत फायरबॉल नाहीच," ती म्हणाली. चिडून नाही, नुसतं बेरीज बघून सांगावं तसं. पुढच्या शनिवारी ती आली नाही. आपाने फोनवर विचारलं, "खेळातसुद्धा परीक्षाच घेतोस का रे पोरीची?"

तो आठवडा मी या प्रश्नात घालवला की विझार्ड हा क्लास पहिल्या लेव्हलला खरंच कमजोर आहे का. हा वाद खेळाइतकाच जुना आहे, आणि त्यात 'नंतर' हे उत्तरही तितकंच जुनं आहे.

१९८१ सालची नवशिक्यांची पुस्तिका घ्या. त्यात पहिल्या लेव्हलच्या जादूगाराला चार बाजूंच्या फाशाइतके हिट पॉइंट, म्हणजे नशीब फुटकं असेल तर एकच. चिलखत नाही, हातात फक्त खंजीर. आणि दिवसाला एक मंत्र. एक म्हटला की उरलेला दिवस कंदील धरून चालायचं. शून्यावर आला की मेला, मरणाच्या तीन खुणा वगैरे काही नाही. वर आणखी, फायटरला दुसऱ्या लेव्हलसाठी २,००० गुण लागत, चोराला १,२००, आणि जादूगाराला २,५००. म्हणजे या तिघांत सगळ्यात दुबळा तोच आणि सगळ्यात हळू चढणाराही तोच. यामागे एक सौदा होता. आज सोस, पुढे राज्य तुझंच. फायटर सरळ रेषेत वाढतो, जादूगार वर्गाच्या पटीत. जे लोक वर्षानुवर्षं एकाच टेबलावर बसत होते त्यांच्यासाठी हा सौदा कदाचित खराही असेल.

पुढे खेळाच्या कर्त्यांना यातली अडचण कळत गेली असावी. २००० सालच्या आवृत्तीत सगळ्या क्लासांना लेव्हलसाठी सारखेच गुण ठेवले. २००८ मध्ये तर सगळ्यांच्या करामती एकाच साच्यात बसवल्या: काही हव्या तेव्हा, काही लढाईला एकदा, काही दिवसाला एकदा. तेव्हा तराजू बऱ्यापैकी समतोल झाला आणि लोकांनी तक्रार केली की आता फायटर आणि विझार्ड यांत फरकच वाटत नाही. २०१४ मध्ये मधला रस्ता काढला. आम्ही खेळतो ती हीच आवृत्ती. विझार्डला काही बारीक मंत्र कितीही वेळा म्हणता येतात, आणि मोठे मंत्र पहिल्या लेव्हलला दिवसाला दोन. थोडी विश्रांती घेतली तर त्यातला एक परत मिळतो.

मग मी एक्सेलची शीट उघडली. भाच्याचा फायटर: तलवार आणि ढाल, १२ हिट पॉइंट. गॉब्लिनला त्याचा वार लागण्याची शक्यता ५५ टक्के, आणि लागला तर ७ हिट पॉइंटचा गॉब्लिन आठातून सात वेळा मरतो. म्हणजे ढोबळमानाने दोन पाळ्यांत एक गॉब्लिन. भाचीची विझार्ड: आगीची ठिणगी फेकणारा बारीक मंत्र, लागण्याची शक्यता तीच ५५, पण मार दहा बाजूंच्या एका फाशाचा. तिला एका गॉब्लिनला तीनेक पाळ्या लागतात. गॉब्लिनचा बाण तिला शंभरातून ६५ वेळा लागतो, तिच्या भावाला ३५ वेळा. इथपर्यंत शीट म्हणते की विझार्ड फायटरच्या जेमतेम दोन-तृतीयांश आहे आणि दुपटीहून जास्त लवकर मरते.

पण तिच्या वहीत झोपेचाही मंत्र होता. आठ बाजूंचे पाच फासे टाकायचे, जेवढी बेरीज येईल तेवढ्या हिट पॉइंटचे शत्रू जागच्या जागी झोपतात. सरासरी साडेबावीस. सात-सातचे तीन गॉब्लिन म्हणजे २१. नेम लावायची गरज नाही, ढाल-चिलखताचा उपयोग नाही. एका पाळीत तीन गॉब्लिन. फायटरला त्यासाठी सहा पाळ्या लागतात. (२०२४ च्या नव्या आवृत्तीत हा मंत्र बदलला आहे, आता शत्रूला फासा टाकून वाचता येतं.) म्हणजे त्या रात्री तिची पाळी पहिली आली असती तर लढाई तिथेच संपली असती आणि माझा भाचा तोंड पाडून बसला असता.

एका फाशाच्या फरकाने तीच विझार्ड टेबलावरची सगळ्यात कमजोर ठरते किंवा सगळ्यात जोरदार. पहिल्या लेव्हलला हे सगळ्यांचंच कमी-जास्त असतं. हिट पॉइंट इतके थोडे की दोन बाण पुरतात, मग सरासरीला अर्थ राहत नाही. सरासरी लांबच्या पल्ल्यावर खरी ठरते, आणि पहिल्या लेव्हलला लांबचा पल्लाच नसतो. एका रात्रीवरून 'हा क्लास बिनकामाचा' किंवा 'हा क्लास डोईजड' म्हणणं म्हणजे एका दिवसाच्या गल्ल्यावरून दुकान चालेल की बुडेल ते सांगणं.

आणखी एक गोष्ट सापडली, आणि ती माझ्या अंगावर आली. सूत्रधाराच्या पुस्तकात लढाई किती अवघड हे मोजायचा एक तक्ता आहे. चार गॉब्लिनांचे २०० गुण, शत्रू तीन ते सहा असले की दुप्पट धरायचे, म्हणजे ४००. पहिल्या लेव्हलच्या चौघांसाठी 'जीवघेणी' लढाई सुरू होते ती नेमकी ४०० ला. खेळणारे पाच असते तर हीच लढाई एक पायरी खाली, 'अवघड' मध्ये पडली असती. मी हे आधी मोजलंच नव्हतं. दोन्ही बाण एकाच पोरीवर सोडणंही कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. क्लास कमजोर आहे असं मी तिला सांगितलं खरं, पण त्या रात्री तिला कमजोर ठेवण्यात माझा हात क्लासपेक्षा मोठा होता.

मी वर गेलो. भाचीला म्हटलं, चूक माझी होती. तुझ्या विझार्डमध्ये काही कमी नाही. ती म्हणाली, "मग मला पाळी मिळेल?" मी म्हटलं, मिळेल.

तिसऱ्या शनिवारी मी दुसऱ्या टोकाला गेलो. अपराधी माणूस हमखास जातो. तिला एक अंगठी सापडू दिली, जिच्याने दिवसाला एक मंत्र जास्त म्हणता येईल. गॉब्लिन तीन-तीनच्या टोळीने ठेवले. पहिल्या टोळीवर तिने झोपेचा मंत्र टाकला, बेरीज आली २६. तिघे घोरायला लागले. दुसऱ्या टोळीचंही तेच. तिसऱ्या टोळीला तिने अंगठी वापरली. पोरगी खुलून गेली होती, गाल लाल झाले होते. मी स्वतःवर खूश होतो. उठताना भाचा म्हणाला, "मामू, माझी तलवार म्यानातच राहिली. मला काय दोऱ्या बांधायला बोलावलं होतं?"

त्याचं बरोबर होतं. त्या संध्याकाळी कोपऱ्यात बसायची पाळी त्याची होती, इतकंच.

मग लक्षात आलं की फायटर आणि विझार्ड यांची तुलना एका लढाईत करताच येत नाही. फायटरची तलवार सकाळी जेवढी चालते तेवढीच संध्याकाळी. विझार्डचे मोठे मंत्र दिवसाला दोन-तीन. खेळातल्या एका दिवसात एकच लढाई ठेवली तर विझार्ड राजा. सहा-सात ठेवल्या तर चौथ्या लढाईपासून सगळे फायटरच्या मागे उभे राहतात. २०१४ चं सूत्रधाराचं पुस्तक दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा अवघड लढायांचा अंदाज धरून लिहिलं आहे. आमच्यासारखे लोक, ज्यांना साडेबाराला उठून घरी जायचं असतं, ते एक-दोन लढायांत दिवस संपवतात आणि मग म्हणतात की जादूवाले फार माजलेत. म्हणजे क्लासांचा समतोल अर्धा पुस्तकात असतो आणि अर्धा सूत्रधाराच्या घड्याळात.

चौथ्या शनिवारी अंगठी गेली. भाचीला आधीच विचारून, एका गॉब्लिनने ती पळवली. दिवस लांब ठेवला, लढाया छोट्या पण चार-पाच. आता तिला हात राखून खेळावं लागणार होतं. ती काय करते ते मी बघत होतो.

तिने पुस्तक उघडून माझ्यासमोर ठेवलं. "हा मंत्र तासाभराने, सावकाश, विधी करून म्हटला तर दिवसाच्या दोनांतून खर्ची पडत नाही, असं लिहिलंय. खरं?" खरं होतं. तो मंत्र एक छोटा प्राणी बोलावण्याचा. दहा सोन्याच्या नाण्यांचा कोळसा, धूप आणि जडीबुटी जाळायची, म्हणजे एक सोबती येतो. तिने घुबड मागितलं.

घुबड कोणाला मारू शकत नाही. एका फटक्यात मरतं. पण ते आधी उडून जाऊन गुहेत किती गॉब्लिन आहेत ते बघून येतं. आणि लढाईत शत्रूच्या तोंडाजवळून फडफडत जातं, त्याचं लक्ष उडवतं आणि वार खायच्या आत निसटतं. नियमाप्रमाणे त्यामुळे जवळच्या सोबत्याला एकाऐवजी दोन फासे टाकून मोठा आकडा धरता येतो. भाचीने दर पाळीला घुबड भावाच्या गॉब्लिनवर सोडलं. स्वतः झाडामागून ठिणग्या फेकत राहिली. झोपेचा मंत्र तिने एकदाच वापरला, शेवटच्या लढाईत, क्लेरिक आणि रोग दोघेही घायकुतीला आले होते तेव्हा. त्या रात्री भाचा सुसाट सुटला होता. घरी जाताना जिन्यातून त्याचा आवाज येत होता, "मी आज सात मारले, सात!"

मी झोपण्याआधी शीट भरायला बसलो. फायटरच्या खात्यावर सात गॉब्लिन. विझार्डच्या खात्यावर ठिणगीने मारलेला एक, झोपवलेले तीन. बरा हिशेब दिसत होता. मग मी दोन फाशांचं गणित मांडलं. ५५ टक्के शक्यतेचा वार दोन फाशांतून मोठा धरला की होतो जवळपास ८० टक्के. म्हणजे भाच्याच्या सातांपैकी दोन तरी बहिणीच्या घुबडाचे होते. माझ्या शीटमध्ये त्यासाठी रकानाच नव्हता. रक्कम तिने भरली होती आणि जमा भावाच्या खात्यावर झाली होती. इतकी वर्षं हिशेब लिहून मला हे दिसायला घुबड यावं लागलं.

तेव्हापासून क्लासांची तुलना करणारे तक्ते मी वेगळ्या नजरेने बघतो. ते खोटे नसतात. पण प्रत्येक क्लासला एकटा उभा करून, एका पुतळ्यावर वार करायला लावून ते बनवलेले असतात. खालच्या लेव्हलला तर ही फसगत जास्तच. याच आवृत्तीतला मंक पहिल्या लेव्हलला काठी आणि हात मिळून सरासरी १३ चा मार करतो. दोन हातांची मोठी तलवार चालवणारा फायटर १० चा. हे बघून कोणी म्हणेल मंकच सगळ्यात भारी. पण वरच्या लेव्हलला हाच मंक मागे पडतो, अशी खेळणाऱ्यांची जुनी तक्रार आहे. सुरुवातीवरून पुढचं कळत नाही. आणि भाचीमुळे मला उलटंही पटलं: पुढे काय होईल त्यावरून आजचं माप काढता येत नाही. पाचव्या लेव्हलचा फायरबॉल पहिल्या लेव्हलच्या पोरीच्या कामाचा नाही. ती आत्ता टेबलावर बसली आहे.

म्हणून आता मी एकच गोष्ट लिहून ठेवतो. खेळ संपला की प्रत्येकाच्या नावापुढे, आज तो किती वेळ नुसता बसून होता. मार किती केला ते लिहीत नाही. एखाद्याच्या नावापुढे लागोपाठ दोन शनिवार मोठा आकडा आला तर आधी माझं काय चुकलं ते बघतो. दिवस आखूड केला का, बाण एकावरच सोडले का, त्याच्या पोतडीतली एखादी गोष्ट वापरायला मी जागाच ठेवली नाही का. एवढं करूनही तो बसूनच राहिला तर मग क्लासमध्ये खोट आहे असं म्हणायला हरकत नाही. अशी खोट असते. पण मी आधी जेवढी समजत होतो त्यापेक्षा खूप कमी वेळा.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शेवटचा शनिवार झाला. तिसरी लेव्हल गाठली होती, फायरबॉल अजून दोन लेव्हल लांबच होता. कोणी त्याचं नावही काढलं नाही. भाची रविवारी सकाळच्या गाडीने लातूरला गेली. वह्या-पुस्तकांच्या पेटीत तिने नियमांचं पुस्तक घेतलं नव्हतं. आपाने घेऊच दिलं नसतं. त्या जाड पुस्तकाची मला आता सवय झाली होती, ते कपाटात तसंच ठेवून दिलं.

दिवाळीच्या जरा आधी, एका रविवारी, अनोळखी नंबरवरून फोन आला. हॉस्टेलच्या वॉर्डनचा होता, पण बोलत होती भाची. घरच्यांशी बोलायला तिला दहा मिनिटं मिळतात, त्यातली आपाशी बोलून झाल्यावर उरलेली चार तिने मला दिली होती.

"मामू, आम्ही इथे रविवारी संध्याकाळी खेळतो. जेवणाच्या आधी तासभर. फासे नाहीत, मी वीस चिठ्ठ्या केल्यात, स्टीलच्या डब्यात हलवून काढतो. सूत्रधार मी."

मी विचारलं, अभ्यास कसा चाललाय. ती म्हणाली, पहिल्या टेस्टला कमी पडले होते, आता बरं आहे. सर म्हणतात, सुरुवातीला असंच होतं, नंतर सुधारतात मुलं. मग थोडं थांबून हसली. मलाही हसू आलं, पण मी काही बोललो नाही.

"एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "एका मुलीने विझार्ड घेतलाय. पहिलीच लेव्हल. घोड्यांच्या इथे गॉब्लिन किती ठेवू?"

माझ्या तोंडावर उत्तर तयार होतं. तक्ता पाठ आहे मला. पण मी विचारलं, "किती जणी आहात?"

"तिघी. आणि त्यातली एक अजिबात बोलत नाही."

"तिने कोणता क्लास घेतलाय?"

"क्लेरिक."

"मग दोन ठेव," मी म्हटलं. "आणि पहिला बाण झाडाला लागू दे."